खोलीच्या तापमानाचा सुपरकंडक्टर सापडला? आधी ठाण्यातल्या एमआरआय खोलीत डोकावू

अधूनमधून फोनवर एक व्हिडिओ येतो. करड्या रंगाचा एक खडा लोहचुंबकावर अर्धवट तरंगतोय आणि खाली मजकूर असतो: आता विजेची गळती बंद, बिल निम्मं, गाड्या हवेत. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या संशोधकांच्या 'एलके-९९' या पदार्थाने असाच धुमाकूळ घातला होता. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही पाहिला. तो खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला जराही न अडवणारा पदार्थ, आहे हा दावा टिकला नाही.

खरा, रोज काम करणारा सुपरकंडक्टर मात्र आपल्या गावातच आहे. घोडबंदर रोडवर किंवा वाशी-खारघरला जिथे १.५ किंवा ३ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) एमआरआय आहे, त्या यंत्राच्या पोटात कित्येक किलोमीटर लांबीची तार उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमात बुडवून ठेवलेली असते. तिच्यातून रात्रंदिवस चारशे-पाचशे अँपिअर प्रवाह फिरत असतो, आणि तो फिरत राहावा म्हणून कुठूनही वीज पुरवलेली नसते. हे कसं जमतं आणि तीच तार तुमच्या सोसायटीच्या मीटरपर्यंत का येत नाही, हे एकदा कळलं की तो व्हिडिओ कसा बघायचा तेही कळतं.

रोध जातो कुठे?

तांब्याच्या तारेत वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. तारेतले अणू मात्र जागेवर थरथरत असतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आपटतात, ऊर्जा गमावतात आणि तार तापते. या अडथळ्याला रोध म्हणतात. इस्त्रीत तो हवा असतो, वायरिंगमध्ये नको असतो.

तार थंड केली की थरथर कमी होते आणि रोधही घटतो. पण तांबं कितीही थंड करा, थोडा रोध उरतोच, कारण अशुद्धी आणि स्फटिकातले दोष थंडीने जात नाहीत. १९११ साली हॉलंडमधल्या लायडन इथे हेइके कामरलिंग ओनेस यांनी पारा गोठवून मोजला, तेव्हा वेगळंच घडलं. ४.२ केल्व्हिनच्या आसपास रोध एकदम कोसळला आणि मोजता येईनासा झाला. (केल्व्हिन म्हणजे परम शून्यापासून मोजलेले अंश. शून्य केल्व्हिन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस.) अशा पदार्थाला सुपरकंडक्टर, मराठीत अतिवाहक म्हणतात.

याचं कारण कळायला १९५७ साल उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं की ठरावीक तापमानाखाली इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि सगळ्या जोड्या मिळून एकच लय धरतात. दहीहंडीचा खालचा थर आठवा. खांद्यांवर हात घट्ट अडकवून उभ्या असलेल्या त्या कड्यातून एकट्याला ढकलून बाहेर काढता येत नाही. लहानसा धक्का सगळ्यांत वाटला जातो आणि विरतो. कडं मोडण्याइतका मोठा धक्का बसला, तर मात्र एकजण पडत नाही, सगळा थर पडतो. अतिवाहकातही तसंच होतं. अणूंची थरथर कडं मोडण्याइतकी नसेल, तर ती एकट्या इलेक्ट्रॉनला अडवूच शकत नाही. उपमा इथवरच, कारण हंडीचा थर उभा असतो आणि इलेक्ट्रॉनांचा थर अख्खाच्या अख्खा पुढे सरकत असतो.

यात एक गंमत आहे. इलेक्ट्रॉनांची जोडी जमवण्याचं काम अणूंची तीच थरथर करते, जी एरवी त्यांना अडवते. म्हणून नेहमीच्या तापमानाला उत्तम वाहक असलेले तांबं, चांदी आणि सोनं अतिवाहक होत नाहीत. त्यांच्यात इलेक्ट्रॉन आणि अणूंचं नातंच सैल आहे. शिसं मात्र वाहक म्हणून सुमार असूनही ७.२ केल्व्हिनला अतिवाहक होतं.

दुसरं लक्षण १९३३ साली माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांना सापडलं: अतिवाहक आपल्या आतून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. तरंगणारं चुंबक त्यामुळेच. शून्य रोध आणि हे ढकलणं अशी दोन्ही लक्षणं दिसली तरच पदार्थ अतिवाहक.

तापमान हा फक्त एक पाय

बातम्यांमध्ये फक्त तापमान असतं. अतिवाहकपण मात्र तीन पायांच्या तिवईवर उभं असतं: तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह. यातलं एक जरी मर्यादेबाहेर गेलं तरी तिवई पडते. ओनेस यांनी शिशाच्या तारेचं वेटोळं करून मोठं चुंबक बनवायचा प्रयत्न केला, तेव्हा हेच झालं. प्रवाह वाढला, वेटोळ्याचं स्वतःचं क्षेत्र वाढलं आणि त्या क्षेत्रानेच शिशाचं अतिवाहकपण मारलं. चांगली तार सापडेपर्यंत पुढची पन्नासेक वर्षं गेली.

ती तार नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची. तिची तापमानाची मर्यादा जेमतेम साडेनऊ केल्व्हिन आहे, म्हणजे फार मोठी बढाई नाही. पण ती खेचता येते, वाकवता येते, गुंडाळता येते आणि जबर चुंबकीय क्षेत्रात टिकते. जगातले बहुतेक एमआरआय याच तारेवर चालतात.

एमआरआयच्या पोटात

ही तार म्हणजे एक सलग धागा नसतो. केसाहून बारीक असे अनेक तंतू तांब्यात गाडलेले असतात. तांबं कशाला? कुठे अतिवाहकपण गेलंच, तर तो सगळा प्रवाह क्षणभर तरी वाहून न्यायला कुणीतरी लागतं. तांबं नसेल तर ती जागा जळून जाते.

यंत्र बसवताना बाहेरून वीज देऊन प्रवाह हळूहळू चढवतात. मग वेटोळ्याची दोन टोकं अतिवाहक तुकड्यानेच जोडून बाहेरचा पुरवठा काढून टाकतात. प्रवाह आत फिरत राहतो. चुंबकीय क्षेत्र तासाला एक कोटीव्या भागापेक्षाही कमी घटतं, इतके ते जोड पक्के असावे लागतात. म्हणून एमआरआयचं चुंबक रात्री, रविवारी आणि लाइट गेल्यावरही चालूच असतं. 'मशीन बंद आहे ना, मग जा आत' ही समजूत जिवावर बेतते. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या तरुणाचा असाच जीव गेला.

वीज लागते ती थंडावा टिकवायला. आतलं द्रव हेलियम उकळू नये म्हणून कोल्ड हेड नावाचा शीतक अखंड चालतो. स्कॅन चालू नसतानाही खोलीत जो ठराविक लयीतला चुकचुक आवाज येतो, तो याचाच. ४.२ केल्व्हिनवर हा शीतक दीड वॉटच्या आसपास उष्णता उपसतो, आणि तेवढ्यासाठी त्याचा कॉम्प्रेसर सुमारे सात किलोवॉट खातो. म्हणजे दिवसाला दीडशेहून जास्त युनिट. शून्य रोधाची ही किंमत.

बिघाड बहुधा बाहेरच्या साध्या गोष्टीतून सुरू होतो. कॉम्प्रेसर थंड ठेवणाऱ्या चिलरच्या जाळीत धूळ बसते, पाण्याचा फिल्टर तुंबतो किंवा मे महिन्यातल्या उकाड्यात गच्चीवरचा चिलर ट्रिप होतो. कोल्ड हेड थांबला तरी चुंबक लगेच जात नाही, हाताशी वेळ असतो. पण आत शिरणारी एक वॉट उष्णता तासाला जवळजवळ दीड लिटर द्रव हेलियम उकळवते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात हेलियमचा साठा दीड-दोन हजार लिटरचा असतो. तो सतत हवेत गेला तर भरून घ्यायचा खर्च भारी, कारण आपल्याकडे हेलियम आयात होतं.

हेलियम आयात होतं, पण त्याची पहिली खूण आपल्याच देशात दिसली होती. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरहून निरीक्षण करणाऱ्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांना सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. विजयदुर्गावर त्याच तारखेला हेलियम दिवस साजरा होतो. किल्ल्यावरच्या साहेबाच्या कट्ट्यावरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी हेलियम शोधलं अशी आख्यायिका तिथे सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते.

सगळ्यात मोठा बिघाड म्हणजे क्वेंच, म्हणजे तिवई पडणं. तारेचा एखादा तुकडा तापतो, तिथे रोध येतो, रोधाने आणखी उष्णता होते, शेजारचा भाग तापतो आणि काही सेकंदांत सगळं वेटोळं साध्या तारेसारखं रोधक बनतं. चुंबकात साठलेली ऊर्जा साधारण एक युनिट विजेइतकी असते. ऐकायला कमी वाटते, पण तेवढी उष्णता हजारभर लिटर द्रव हेलियम उकळवू शकते, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. तो वायू बाहेर नेण्यासाठी छतातून जाडजूड नळी काढलेली असते. त्या नळीच्या तोंडाशी कबुतराने घरटं केलं किंवा पावसाचं पाणी साचलं, तर वायू खोलीत उलटतो, ऑक्सिजन हुसकावतो आणि दाबामुळे आत उघडणारं दार उघडेनासं होतं. एमआरआय केंद्र बघायला गेलात तर गच्चीवरच्या त्या नळीचं तोंड आणि त्यावरची जाळी जरूर बघा.

क्वेंच किती क्षुल्लक कारणाने होतो याचं मोठं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचं. १९ सप्टेंबर २००८ ला २७ किलोमीटरच्या कणवेगकातला (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातला) दोन चुंबकांमधला एक सदोष जोड निकामी झाला. त्याचा रोध होता ओहमच्या पन्नास लाखाव्या भागाइतका. तिथून ८,७०० अँपिअर वाहत होते. हिशेब केला तर उष्णता भरते सुमारे १५ वॉट, म्हणजे देवघरातल्या बल्बइतकी. तेवढ्यावर काही टन हेलियम बाहेर पडलं आणि यंत्र वर्षभराहून जास्त काळ बंद राहिलं.

नायट्रोजनवर चालणारी वडी

१९८६ साली झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांनी तांब्याचं ऑक्साइड असलेल्या एका मातीसारख्या पदार्थात तीसेक केल्व्हिनला अतिवाहकपण पाहिलं. पुढच्याच वर्षी यट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा पदार्थ आला, त्याची मर्यादा ९२ केल्व्हिन. द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला, म्हणजे उणे १९६ अंशांना उकळतो. हेलियमची गरजच संपली. द्रव नायट्रोजन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही असतो, कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात.

या पदार्थाची वडी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते, म्हणून कृती नीट सांगण्याजोगी आहे. यट्रियम ऑक्साइड २.२६ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ७.८९ ग्रॅम, तांब्याचं काळं ऑक्साइड ४.७७ ग्रॅम. या वजनांत यट्रियम, बेरियम आणि तांब्याचे अणू १:२:३ प्रमाणात पडतात. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क आणि हातमोजे हवेतच. पूड खलात अर्धा तास एकजीव घोटायची, भट्टीत ९२० ते ९५० अंशांवर बारा तास ठेवायची, थंड झाल्यावर पुन्हा घोटून पुन्हा भाजायची. मग दाबयंत्रात वडी पाडून आणखी एकदा भाजायची. शेवटची पायरी निर्णायक: ऑक्सिजनच्या प्रवाहात अगदी सावकाश थंड करायचं आणि ४५० ते ५०० अंशांच्या टप्प्यात काही तास थांबायचं. ऑक्सिजन स्फटिकात शिरतो तो इथेच.

काय बिघडतं? वडी हिरवी निघाली तर प्रमाण चुकलं, घोटणं कमी पडलं किंवा भट्टी फार तापली. काळी आहे पण चुंबक तरंगत नाही, तर घाईने थंड केली, ऑक्सिजन आत गेलाच नाही. अशी वडी फुकट जात नाही, ऑक्सिजनची पायरी पुन्हा करता येते. तिसरी अडचण खास आपल्या हवेची. हा पदार्थ ओलाव्याने सडतो. पाण्याची वाफ त्यातलं बेरियम बाहेर ओढते आणि वडीवर पांढुरका थर चढतो. ठाण्याच्या खाडीकाठी जुलैत उघडी ठेवलेली वडी फार दिवस टिकत नाही. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हवा. प्रयोगानंतर गार वडीवर दव जमतं, ते टिपून वडी कोमट हवेत वाळवल्याशिवाय डब्यात टाकू नये.

प्रयोग करताना वडी थर्माकोलच्या वाटीत ठेवून द्रव नायट्रोजन ओततात. आधी जोरात बुडबुडे येतात. ते शांत झाले की वडी ७७ केल्व्हिनला आली असं समजायचं आणि छोटं निओडिमियम चुंबक वर सोडायचं. द्रव नायट्रोजन घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही भरू नये, ती फुटते. आणि भरलेलं भांडं माणसांबरोबर लिफ्टमधून नेऊ नये.

मग याची तार का नाही?

आहे, पण तिला चाळीस वर्षांचा घाम लागलाय. हा पदार्थ मातीच्या कपासारखा ठिसूळ आहे, वाकवला की तडकतो. दुसरी अडचण जास्त कठीण. वडीत लाखो बारीक स्फटिक असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक आठवा. प्रत्येक ब्लॉक गुळगुळीत असतो, पण दोन ब्लॉक तिरपे बसले की सुटकेसची चाकं तिथेच अडतात. शेजारच्या स्फटिकांत दहा अंशांचा तिरपेपणा आला तरी पार जाणारा प्रवाह कोसळतो. म्हणून चुंबक झकास तरंगवणारी वडी तार म्हणून कुचकामी ठरते.

यावरचा तोडगा म्हणजे फीत. निकेलच्या मिश्रधातूची, कागदाइतकी पातळ पट्टी घ्यायची, तिच्यावर स्फटिकांना एकाच दिशेला वळवणारे पातळ लेप चढवायचे, त्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अतिवाहक, वर चांदी आणि तांबं. चार मिलिमीटर रुंदीची अशी फीत द्रव नायट्रोजनमध्ये शंभरावर अँपिअर वाहते. फक्त किलोमीटरभर लांबीत कुठेही डाग चालत नाही, आणि म्हणूनच ती तांब्याच्या कितीतरी पट महाग पडते.

'मग महावितरणने याच केबल टाकाव्यात की!'

हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ साली एक किलोमीटरची अशी केबल जमिनीखाली टाकली होती: १० केव्ही (किलोव्होल्ट), ४० मेगावॉटची. शांघायमध्ये २०२१ च्या अखेरीस १.२ किलोमीटरची ३५ केव्हीची केबल सुरू झाली. तंत्र चालतं. आता खर्चाकडे बघा.

केबलभोवती निर्वात नळी असते, तरी दर मीटरला एक-दीड वॉट उष्णता आत झिरपते. किलोमीटरला दीड किलोवॉट धरा. ७७ केल्व्हिनवरून एक वॉट उपसायला प्रत्यक्षात पंधरा-वीस वॉट लागतात, म्हणजे पंचवीस-तीस किलोवॉट अखंड. पहाटे तीन वाजता, भार नसतानाही. शिवाय शून्य रोध खऱ्या अर्थाने एकदिश (डीसी) प्रवाहाला असतो. आपल्या प्रत्यावर्ती (एसी) विजेत प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, आणि दर वेळी अतिवाहकातही थोडी उष्णता होते.

आणि वाचणार किती? राज्याच्या उच्चदाब पारेषणातली गळती तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीची मोठी गळती वितरणात होते, आणि तिथे जुने मीटर, वीजचोरीचे आकडे आणि लांबच लांब लघुदाब वाहिन्या आहेत. आकडा टाकणाऱ्याला तार अतिवाहक आहे की नाही याने काय फरक पडतो?

ही केबल शोभते जिथे जागाच नाही तिथे. एसेनमध्ये १० केव्हीच्या केबलने ११० केव्हीच्या केबलचं काम केलं, त्यामुळे भरवस्तीतल्या एका रोहित्र केंद्राची जागा वाचवता येते. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची मागणी वाढतेय आणि रस्त्याखाली गॅस, पाणी, फायबर यांची दाटी आहे. तिथे हा हिशेब कधीतरी जमू शकेल. त्याआधी उपयोगी पडेल ते याच फितीचं दुसरं यंत्र, शॉर्टसर्किट रोखणारं. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की फीत आपणहून रोधक होते आणि लोंढा अडवते. एमआरआयमध्ये नकोशी वाटणारी तिवईची पडझड इथे मुद्दाम वापरली आहे.

बुलेट ट्रेन तरंगणार का?

नाही. ठाणे खाडीखालून सात किलोमीटर बोगद्यातून जाणारी मुंबई-अहमदाबाद गाडी लोखंडी रुळांवर लोखंडी चाकांनीच धावणार आहे. अतिवाहक चुंबकांवर तरंगणारी गाडी वेगळी. जपानमध्ये २१ एप्रिल २०१५ ला तिने चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर गाठले.

पुढचा व्हिडिओ आला की

पहिली गोष्ट, रोध कसा मोजला ते बघायचं. दोनच तारा जोडून मोजलं तर जोडांचा रोधही त्यात येतो, म्हणून चार जोड लागतात: बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टमापक. यातही फसगत होते. आतला एक जोड गार होताना सुटला की मापक शून्य दाखवतो, आणि शून्याचीच तर वाट बघत असतात! दोन जोडांच्या तापमानात फरक असला की आपोआप काही मायक्रोव्होल्ट तयार होतात. म्हणून प्रवाह उलटा करून पुन्हा मोजतात आणि सरासरी काढतात. आलेखावर मापकाची अचूकता लिहिलेली नसेल, तर 'शून्य' या शब्दाला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, तरंगणं. एका कडेवर टेकून अर्धवट उठलेला खडा साधा चुंबकीय पदार्थही असू शकतो. एलके-९९ मध्ये तेच निघालं. त्याचा रोध १०४ अंश सेल्सिअसला घसरत होता तो त्यातल्या तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे. त्या तापमानाला सल्फाइडची स्फटिकरचना बदलते, एवढंच.

तिसरी गोष्ट, दाब. २०१९ साली लँथनम आणि हायड्रोजनच्या संयुगात २५० केल्व्हिनला, म्हणजे उणे २३ अंशांना अतिवाहकपण दिसलं. ते खरं आहे. पण दोन हिऱ्यांच्या चिमटीत, हवेच्या दाबाच्या सतरा लाख पट दाबाखाली, केसाच्या जाडीहून लहान कणात. दाब सोडला की संपलं. आणि दाब नसला तरी एक प्रश्न उरतोच: याच्या एक मीटर तारेतून, किती टेस्लाच्या क्षेत्रात, किती अँपिअर जातात? फॉरवर्डमध्ये हा आकडा बहुतेक वेळा नसतो.

उलट टोकाचा शोध आपल्या जवळच लागला. २०१६ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुद्ध बिस्मथ अतिवाहक होतं असं दिसलं, परम शून्याच्या वर फक्त ०.०००५३ केल्व्हिनला. तिथे पुरावा होता चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलण्याचा. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या विरळ वस्तीत जोड्या जमतात कशा, हे १९५७ च्या सिद्धांतातून नीट निघत नाही.